पंचाचं पातेलं आणि मामाचा ग्लास

मार्च उजाडला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "यंदा पंच करणारेस ना?" पंच म्हणजे न्यायनिवाडा करणारे नव्हेत, प्यायचं पंच. फळांचा रस, सोडा, वाइन आणि बर्फ, मोठ्या पातेल्यात. गेली दहाएक वर्षं मी ते करतेय आणि बरं जमतं असं लोक म्हणतात. (फुकट मिळाल्यावर कोण नावं ठेवणार म्हणा!)

तर यंदाचं उत्तर: करणार, पण पातेल्यात वाइन ओतणार नाही. ज्याला हवी त्याने बाटलीतून आपापल्या ग्लासात घालून घ्यावी. यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

गेल्या मे महिन्यात आईची सत्तरी होती. गच्चीवर तीसेक माणसं. आंब्याचा रस, संत्री, पुदिना, नाशिककडची शेनिन ब्लाँ, असं पंच मी सकाळीच करून फ्रिजमध्ये मुरत ठेवलं होतं. संध्याकाळी मावसभावाने हौसेने सगळ्यांना ग्लास वाटले. एक मामालाही दिला. "घे, आंब्याचं सरबत आहे."

मामाने दारू सोडून तेव्हा चार वर्षं झाली होती. ती चार वर्षं त्याने आणि मामीने कशी काढली ते आम्हा घरच्यांना माहीत आहे. (हे त्याला विचारून लिहितेय.) त्याने ग्लास ओठाला लावला, थांबला, वास घेतला आणि कठड्यावर ठेवून दिला. काही बोलला नाही. जेवायच्या आधीच दोघं निघाली. आईने विचारलं तर "डोकं दुखतंय" म्हणाला. मला खरं कारण दुसऱ्या दिवशी मामीकडून कळलं. त्याच गच्चीवर भाचीने पातेल्याच्या तळाची संत्र्याची फोड खाल्ली होती, तीही मी "एकच तर आहे" म्हणून सोडून दिली होती. पाच वर्षांची पोर! फळं वाइनमध्ये दिवसभर मुरली की तीही वाइनच होतात, हे मला काय ठाऊक नव्हतं?

भावाचा दोष नाही. पातेलं माझं होतं.

आता त्याचा मुद्दा. तो म्हणतो, पंच हे मिसळलेलंच असतं, वेगळं ठेवलं तर त्यात मजा काय? आणि दाखला देतो इतिहासाचा. तो दाखला मात्र खरंच गमतीचा आहे. हा शब्द आपल्याच 'पाच'वरून गेला असं मानतात. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर हिंडला. त्याने लिहून ठेवलंय की गोव्यात नेरूळला उत्तम दारू गाळतात, तिच्यात पाच जिनसा घालून इंग्रज पंच करतात, आणि ते माणसाला ढिलं करून टाकतं. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, अशी ती पाचांची यादी सहसा सांगतात. (काही कोशकारांना ही व्युत्पत्ती पटत नाही. असो.) पण भाऊराया, त्या इंग्रजांच्या बैठकीत पातेल्यात काय आहे हे न कळणारा कोणी नव्हता. आमच्या गच्चीवर पाच वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंत सगळे असतात.

दुसरं म्हणजे हिशोब. ७५० मिलीच्या बाटलीत साधारण साडेबारा टक्के अल्कोहोल. त्यात तेवढाच रस आणि सोडा घातला की उरतं सव्वासहा टक्के, म्हणजे कडक बिअरच्या आसपास. बिअर कडू लागते म्हणून माणूस जरा दमाने पितो. हे गोड आणि गार, तहान लागलेली, बाहेर चाळीस डिग्री. तीन ग्लास कधी पोटात गेले कळत नाही, आणि मग स्कूटरला किल्ली लावायची!

चवीचं म्हणाल तर साधं पंच फिकं लागतं ही तक्रार खरी आहे, आणि त्याला कारण आपण करणारे. सगळी मेहनत वाइनच्या पातेल्यावर आणि न पिणाऱ्यांना बाटलीतलं सरबत. यंदा मी उलटं करून पाहिलं. कोरा चहा कडक करून गार केला, त्यात अमृत कोकम, आल्याचा रस, लिंबू आणि कलिंगडाचा गाळलेला रस. चहाच्या तुरटपणामुळे जिभेवर थोडा भार येतो, वाइनला असतो तसा. कोकमचं आगळ घेऊ नका, ते खारं असतं, सगळं बिघडेल. बर्फाचे खडे टाकण्याऐवजी डब्यात एकच मोठी लादी गोठवा, हळू वितळते आणि पाणचट होत नाही. सोडा अगदी शेवटी. हेच पंच अर्धा ग्लास घेऊन वर गार वाइन ओतली तर झकास कूलर होतो, मी स्वतः पिऊन पाहिलाय. मुरलेली फळं ज्यांना हवीतच त्यांच्यासाठी वेगळा वाडगा, वर चिठ्ठी लावून, आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी.

भाऊ अजून फुरंगटलेलाच आहे. मामाला मी हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "अगं, कोकम कुठलं घेतेस? मालवणहून मागवतो मी." दोन बाटल्या कालच आल्या.