मुखत्यार कशाला हवा?

परवा माझा भाचा घाईघाईने आला. पुण्यात त्याची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी आहे. म्हणाला, "मामा, आईच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून द्या. उद्या मला काही झाले, तर ती कारभार पाहील."

त्याच्या एका मित्राला अपघात झाला होता. महिनाभर तो कोणाला ओळखत नव्हता. बँकेत सही त्याच्या एकट्याची. बारा माणसांचे पगार अडले.

मी म्हटले, "अरे, ज्या दिवसासाठी तू हा कागद करतोस, त्याच दिवशी तो निकामी होईल!"

१८७२ च्या करार कायद्याचे २०१ वे कलम सांगते, की अधिकार देणारा वारला किंवा त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, की मुखत्यारकी संपली. परदेशी जायचे, आजारपणात अंथरुणावरून उठवत नाही, अशा वेळी हा कागद उपयोगी. शुद्ध हरपल्यावर नव्हे.

"प्रायव्हेट कंपनीला दोन संचालक लागतातच. तुझा दुसरा कोण?" मी विचारले.

तो ओशाळला. "आईच. नावापुरती."

"मग तिला खरीखुरी संचालक कर! बँकेत दोघांपैकी कोणाचीही सही चालेल, असा ठराव आजच कर. पासवर्ड एकट्याच्या डोक्यात ठेवू नकोस."

"पण मामा, आईला कंपनीतले काय कळते?"

"मुखत्यारपत्राने कळणार होते का? ताईला आजच समजावून सांग. तू शुद्धीवर आहेस तोवर!"