सरकीच्या पेंडीतील विष

सोयाबीन पेंडीचे भाव भडकून कुक्कुटपालन व्यवसाय मेटाकुटीस आला, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास अनुमती दिली. सोयाबीन उत्पादक संतापले, कोंबडीपालकांना दिलासा मिळाला. परंतु विदर्भ-मराठवाड्यात कापसाबरोबर सरकीचे ढीग निघतात. त्यांची पेंड कोंबड्यांना का चालू नये, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

ती चालत नाही याचे मुख्य कारण गॉसिपॉल. किडींपासून स्वसंरक्षणासाठी कपाशी हे पिवळे द्रव्य निर्माण करते. गाईम्हशींच्या कोठीपोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होते. कोंबडीला ती सोय नाही. तिची वाढ खुंटते आणि साठवलेल्या अंड्यातील बलक हिरवट पडतो. असे अंडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही.

वस्तुतः उपाय अज्ञात नाहीत. गाळपाच्या उष्णतेने मोकळे गॉसिपॉल प्रथिनांशी बांधले जाते. मात्र त्याबरोबर लायसिन हे मोलाचे अमिनो आम्लही अडकून पडते. विष उतरते तसे पोषणही उतरते. हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. त्यापेक्षा हिराकस बरे. त्यातील लोह गॉसिपॉलला जखडून ठेवते. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी साधारणतः मोकळ्या गॉसिपॉलच्या चौपट वजनाचे लोह लागते. बियांतच गॉसिपॉल नगण्य असलेला कापूस टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने घडवला व २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची सरकी खाद्य म्हणून मान्य केली. त्याच्या पानांतील विष कायम आहे, हे विशेष; कारण पूर्वीच्या ग्रंथिरहित वाणांवर किडी तुटून पडत. पण तो मार्ग आपल्यासाठी लांबचा आहे.

हिराकस मात्र जवळचे आणि स्वस्त. मग अडते कोठे? गॉसिपॉल किती हे मोजल्यावाचून हिराकस किती हे ठरत नाही, आणि पेंडीचा सौदा बहुधा तेल व प्रथिने पाहून होतो. टरफल काढून, विष मोजून पेंड विकणाऱ्या गिरणीवाल्यास चार पैसे अधिक मिळणार नसतील, तर त्याने तो उपद्व्याप का करावा? (आम्ही वर्गात ‘माहितीची विषमता’ शिकवतो, ती हीच.) पोत्यावर मोकळ्या गॉसिपॉलचे प्रमाण छापले गेले तरच कमी विषाच्या पेंडीला वेगळा भाव येईल व त्यातला काही वाटा कापूस उत्पादकाच्या पदरात पडू शकेल. चाचणीचा खर्च छोट्या गिरण्यांवर लादल्यास त्या ती टाळणार, हे उघड आहे. तो बाजार समित्यांनी उचलावा. कापसावरील सेस त्यांच्याकडे जमा होतोच.