छप्पर नेमके कोणासाठी?

छपराच्या लाकडी पुलांचे चित्र पाहिले की पावसात आडोसा घेणारे प्रवासी आणि बुजणारे घोडे यांच्या कथा हमखास सांगितल्या जातात. कथा गोड आहेत, पण छप्पर मुळात पुलासाठीच होते. लाकडाला भार सोसवतो, सांध्यांत मुरणारे पाणी सोसवत नाही. उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत कुजे. छपराखालचा शतकभर उभा राही. १८०५ साली फिलाडेल्फियातील स्कूलकिल नदीवरच्या पुलाला छप्पर घालण्याचा आग्रह न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी धरला, तो याच हिशेबाने.

या हिशेबाचे उत्तम उदाहरण म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ ब्लेनहाइम गावचा पूल. निकोलस पॉवर्स या कसबी कारागिराने तो १८५५ मध्ये स्कोहॅरी नदीवर बांधला. मध्ये एकही खांब नसलेला, सुमारे २१० फुटांचा एकच गाळा. आधार काढताना पॉवर्स स्वतः छपरावर जाऊन बसला, पूल पडला तर आपणही पडू म्हणून, असे लोक सांगत आले. खरे-खोटे कोण जाणे. असल्या गाळ्यावर शंका घेणारे मात्र असणारच.

१९३० च्या दशकाच्या आरंभी शेजारी पोलादी पूल झाला आणि जुन्यावरची वाहने थांबली. तरीही तो पाडला गेला नाही. १९६४ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाच्या पुराने तो वाहून नेला. छपराने वरचे पाणी दीडशे वर्षे अडवले. खालून आलेल्या पाण्यापुढे त्याचा इलाज नव्हता.

पुनर्बांधणीचा खर्च द्यायला केंद्रीय आपत्ती यंत्रणेने आधी नकार दिला. गावकरी हटले नाहीत. अखेर निधी मिळाला आणि २०१८ मध्ये जुन्या मोजमापांबरहुकूम नवा पूल उभा राहिला. दरम्यान ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मात्र गेला होता.

दर्जा काढणे नियमाला धरूनच होते. पॉवर्सच्या हाताखालून गेलेले मूळ लाकूड आता अभ्यासाला उपलब्ध नाही, ही हानी भरून येणारी नाही. परंतु तेवढ्यावरून नव्या पुलाला ‘नक्कल’ म्हणून हिणवणे हा लाकडी वास्तूंवर दगडी वास्तूंचा निकष लादणे होय. लाकडी पुलाच्या फळ्या आणि छप्पर झिजण्यासाठी व बदलण्यासाठीच असतात. एवढा लांब लाकडी गाळा जोडण्याचे कसब पॉवर्सनंतर दीड शतकाने त्याच काठावर पुन्हा हातांत आले, आणि वारशाच्या नोंदवहीत त्यासाठी रकानाच नाही.

नवा पूल जुन्यापेक्षा उंचावर बसवला आहे. वाहनांना तो आजही बंदच आहे.