बातम्या, गाणी आणि आपण मैत्रिणी

‘ग्रुपवर राजकारण नको गं बाई!’ हल्ली हा नियम आपल्या भिशीला, बचत गटाला, अगदी हळदीकुंकवालाही लागू झालाय. कारण समजण्यासारखं आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. ती फूट मुंबईत थांबली नाही, आमच्या हिंगोली जिल्ह्यात गल्लीबोळापर्यंत आली. माझ्या ओळखीतल्या दोन जिवलग मैत्रिणी. एकीचे यजमान या गटात, दुसरीचे त्या. वर्षभर एकमेकींचा उंबरा ओलांडला नाही. बरं, दोघींपैकी एकीनेही कधी साधी ग्रामपंचायत लढवलेली नव्हती!

मग राजकारण बोलायचंच नाही का? मला हे पटत नाही. बोलायचं कशावर, हे मात्र आपण ठरवायला हवं. टीव्हीवर काय दिसतं? कोण कुणाच्या गाडीत बसलं, कोण ‘नॉट रिचेबल’ झालं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याहून खाली विकला जात होता. आपल्या घरचं वर्षाचं गणित त्यावर. पण त्याला वेळ किती मिळाला? ‘लाडक्या बहिणीं’च्या १,५०० रुपयांवर चर्चा रंगल्या, पण मी पाहिल्या त्यांत बोलणारे बहुतेक भाऊच! स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून आपल्याला ५० टक्के आरक्षण आहे; तरी सरपंचबाईंच्या बातमीच्या फोटोत हार कितीदा तरी पतिराजांच्याच गळ्यात असतो.

असं काही पाहिलं की मी टीव्ही बंद करून भीमसेनजींची संतवाणी लावते. त्यात नामदेवांचा अभंग आला की ऊर भरून येतो, नरसी आमच्याच जिल्ह्यातली ना! कुणी म्हणेल, ही तर पळवाट. पण औंढ्याची कथा आठवा. नामदेवांना कीर्तनासाठी देवळासमोर बसू दिलं नाही. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मागे बसवलेल्यानेही गात राहावं, इतकं तरी त्यातून घ्यावं.

आपल्या आज्या-पणज्यांनी तेच केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सासर-माहेर आहे, विठ्ठल आहे, तसे बाबासाहेबही आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी त्यांच्यावर ओव्यांमागून ओव्या गायल्या. म्हणजे जात्यापाशी सखी होती, गाणं होतं आणि जगाची खबरबातही होती. तिन्हींची ताटातूट आपल्या काळात झाली.

ती जोडता येते. त्या दोघी मैत्रिणी पुन्हा बोलल्या त्या भजनी मंडळात. एकीने चाल धरली, दुसरीला ती उचलावीच लागली. त्यानंतर मंडळात एक रीत पडली. भजन संपलं की पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचायची, आणि पक्षाचं नाव न घेता एवढंच विचारायचं, ‘यानं आपल्या घरात, शेतात, मुलींच्या शाळेत काय फरक पडणार?’ मतं जुळत नाहीत, आवाजही चढतात. पण निघताना चपला शोधत हसणं चालू असतं.

तेव्हा मैत्रिणींनो, मत प्रत्येकीने आपलं ठेवावं, मतदानही आपल्याच मनाने करावं. पण यजमानांच्या गटापायी आपली सखी गमावू नका. पक्ष आज आहे तिथे उद्या असेलच असं नाही. अडीअडचणीला रात्री-बेरात्री धावून येते ती शेजारचीच!