मोठ्यांचा हात आणि लहानांचे पाय

मँचेस्टर सिटी हा क्लब ज्यांच्या मालकीचा आहे, त्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०२५ च्या डिसेंबरात मुंबई सिटी एफ.सी. या क्लबातील आपला हिस्सा मूळ संस्थापक-मालकांच्या हवाली केला आणि मुंबईचा निरोप घेतला. २०१९ च्या नोव्हेंबरात याच समूहाने त्या क्लबाचा ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा झालेला गाजावाजा आमच्या वाचकांच्या स्मरणात असेल. भारतीय फुटबॉलला जणू परीस लाभला आणि आता लोखंडाचे सोने व्हायला फारसा अवधी नाही, असा एकंदर सूर होता. सहा वर्षांनी परीस आपल्या वाटेने निघून गेला. इंडियन सुपर लीगच्या भवितव्याविषयीची अनिश्चितता हे त्याचे कारण सांगण्यात आले, आणि ते खोटे म्हणता येणार नाही. लीग चालविण्याचा पंधरा वर्षांचा करार त्याच महिन्यात संपला होता आणि २०२५-२६ चा हंगाम ठरल्या वेळी सुरूही होऊ शकला नव्हता. परंतु पाहुणा का गेला, यापेक्षा तो गेल्यावर यजमानाच्या घरात काय उरले, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. गोव्यासारख्या, फुटबॉल ज्याच्या गावोगावी भिनला आहे अशा प्रदेशाने तर तो स्वतःला विचारलाच पाहिजे.

परदेशी क्लबांशी होणाऱ्या सहकार्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात परदेशी समूह भांडवल घालून मालकच होतो. दुसऱ्यात मालकी येथल्यांची राहते आणि परदेशी क्लब काही वर्षांच्या मुदतीने आपले नाव, प्रशिक्षणाची पद्धत आणि थोडेफार मार्गदर्शन देतो. मुंबईचा व्यवहार पहिल्या प्रकारातला होता. एफ.सी. गोवा आणि जर्मनीचा लाइपझिग यांच्यात २०२० साली झालेला तीन वर्षांचा करार दुसऱ्या प्रकारातला. त्याच वर्षी हैदराबाद एफ.सी.ने जर्मनीच्याच बोरुसिया डॉर्टमुंडशी तसाच करार केला. दोन्ही प्रकारांत फायदा होतो, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. मुंबईचेच पाहा. सिटी समूह आल्यानंतरच्या दुसऱ्याच हंगामात, २०२०-२१ मध्ये, मुंबईने साखळीतील अग्रस्थान आणि अंतिम चषक ही दोन्ही मिळवली. २०२२ च्या एप्रिलमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबाला हरवून त्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान तिने पटकावला. २०२३-२४ मध्ये चषक पुन्हा मुंबईत आला. पैसा, शिस्त आणि खेळाडू निवडण्याची पारखी नजर ही परदेशी भागीदाराबरोबर येते, हे नाकारणे म्हणजे सूर्यावर थुंकणे होय.

परंतु चषक ही एका हंगामाची कमाई असते. क्लब ही पिढ्यांची ठेव आहे. या दोहोंतला फरक ज्यांना पाहायचा असेल त्यांनी कोलकात्याकडे पाहावे. २०१४ साली माद्रिदच्या अ‍ॅटलेटिको क्लबाच्या भागीदारीने तेथे अ‍ॅटलेटिको डी कोलकाता हा संघ उभा राहिला आणि पहिल्याच वर्षी तो विजेता ठरला. २०१६ मध्ये त्याने ते यश पुन्हा मिळवले. २०१७ मध्ये भागीदारी संपली, नावातले ‘अ‍ॅटलेटिको’ गळाले आणि ए.टी.के. ही तीन अक्षरे उरली. २०२० मध्ये ती अक्षरे मोहन बागानच्या नावामागे जोडली गेली, तेव्हा बागानच्या चाहत्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. अखेर २०२३ मध्ये ती अक्षरेही पुसली गेली. आज उभे आहे ते मोहन बागान, १८८९ साली स्थापन झालेले. दोन चषक जिंकणारे नाव दहा वर्षेही टिकले नाही आणि सव्वाशे वर्षांचे नाव सर्वांना पुरून उरले. असे का, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडत नाही, ते मैदानाभोवती उभ्या राहणाऱ्या माणसांत सापडते.

याहून करुण कहाणी पुण्याची आहे. इटलीतील फ्लोरेन्सच्या फिओरेंतिना क्लबाचे साहाय्य घेऊन २०१४ मध्ये एफ.सी. पुणे सिटी सुरू झाला. पाच वर्षांत तो आर्थिक अडचणीत सापडला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादने घेतली. मग डॉर्टमुंडचा करार आला. त्यात युवक प्रशिक्षण, प्रशिक्षकांचे शिक्षण आणि मुलांसाठी अकादमी यांची भाषा होती. महासाथीमुळे लीगचे पुढचे दोन्ही हंगाम संपूर्णपणे गोव्यात खेळले गेले, त्यामुळे हैदराबादच्या संघाला हैदराबादच्या प्रेक्षकांसमोर खेळायचीही सोय नव्हती. तरीही २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याच्या स्टेडियमवर केरळला हरवून हैदराबादने चषक जिंकला. त्यानंतर मात्र घसरण सुरू झाली. २०२३-२४ मध्ये खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली आणि दोन वर्षांपूर्वीचा विजेता संघ तळाला गेला. मालक बदलले. २०२५ मध्ये क्लब दिल्लीला हलला आणि त्याचे नावही बदलले. पुणे, हैदराबाद, दिल्ली असा एका संघाचा हा बिऱ्हाडप्रवास! त्यात इटलीचा आणि जर्मनीचा नामांकित क्लब साथीला होता, पण बिऱ्हाड हलताना कोणालाच थांबवता आले नाही.

तेलंगणाच्या उत्तर टोकाला, आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेपासून जवळच बेला नावाचे गाव आहे. कापसाचा मुलूख, आणि घराघरांत मराठी. राज्याच्या राजधानीत एका जगप्रसिद्ध जर्मन क्लबाशी करार होतो तेव्हा त्याचा अर्थ बेल्याच्या शाळेत चेंडू लाथाडणाऱ्या मुलाला काय, या कसोटीवर आम्ही असा करार तपासू इच्छितो. प्रशिक्षणाची पद्धत राजधानीत रुजली असती, तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी गेली असती, जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकाने ती शिकून घेतली असती, तर कधीतरी ती त्या मुलापर्यंत पोहोचली असती. त्याला दहा-पंधरा वर्षे लागतात. क्लबाने सहा वर्षांतच शहर सोडले. पाट खणण्याआधीच विहीर दुसऱ्या गावी गेली, मग शेवटच्या वाफ्याला पाणी मिळावे कसे?

त्या अंतिम सामन्यातील एक गोष्ट आम्हां गोमंतकीयांना विसरता येणार नाही. हैदराबाद एका गोलने मागे असता, सामना संपायला दोन मिनिटे उरली असताना, बरोबरीचा गोल केला तो गोव्याच्या साहिल तावोराने. नंतर पेनल्टीच्या फेरीत तीन फटके अडवून चषक हाती दिला तो लक्ष्मीकांत कट्टीमनी या गोलरक्षकाने, जो वास्को आणि धेंपो या आमच्या जुन्या क्लबांतून घडला होता. करारावर नाव डॉर्टमुंडचे होते, चषकावर हैदराबादचे, पण ऐन वेळी कामी आली ती गोव्याच्या मैदानांनी केलेली मशागत. मोठ्या क्लबाचा हात पाठीवर असणे चांगलेच. परंतु धावायचे असते ते आपल्याच पायांनी.

मोठे क्लब लहानांकडे का येतात, हे स्पष्टपणे समजून घ्यावे. नवे प्रेक्षक, नवी बाजारपेठ आणि स्वस्तात मिळणारे तरुण खेळाडू हे त्यांचे हेतू असतात. यात अनीती काही नाही, व्यवहार आहे. स्पेनमधील जिरोना या लहान शहराच्या क्लबात सिटी समूहाने २०१७ मध्ये भांडवल घातले, आणि २०२३-२४ मध्ये हा क्लब स्पेनच्या लीगमध्ये तिसरा येऊन युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेला पात्र ठरला. जिरोनाला लाभ झाला, यात शंका नाही. दुसरीकडे फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग २०२३ मध्ये चेल्सीच्या मालकांनी घेतला. तेथील प्रेक्षक आपल्याच मालकांविरुद्ध फलक धरून उभे राहू लागले, आणि २०२६ च्या जानेवारीत, ऐन हंगामाच्या मध्यावर, स्ट्रासबुर्गचा प्रशिक्षक चेल्सीने उचलून नेला. थोरल्या घरी पाहुणे आले म्हणून धाकट्या घरच्या चुलीवरचे भांडे उतरवून न्यावे, तसा हा प्रकार झाला. एका मालकाची दोन घरे असली की अडचणीच्या दिवशी कोणते घर धाकटे, हे आपोआप कळते.

हा प्रश्न परदेशी आणि स्वदेशी असाही नाही. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगाने २०१० मध्ये इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ सालचा क्लब विकत घेतला. दोन वर्षांत तो पहिल्या श्रेणीतून घसरला, २०१७ मध्ये तर थेट तिसऱ्या श्रेणीत गेला. चिडलेल्या प्रेक्षकांनी मालकांच्या धंद्याची आठवण म्हणून मैदानात चक्क कोंबडी सोडली होती. तेथे दूरदेशीचे मालक आम्ही होतो! मालक गोरा असो वा सावळा, जो गावात राहत नाही त्याला गावाचा राग वर्तमानपत्रातूनच कळतो.

आता आपल्या घराकडे वळू. गोव्यात फुटबॉल आला तोही परदेशातूनच. १८८३ साली विल्यम लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी शिवोलीत तो आणला, असे सांगतात. तो टिकला, कारण शिकवणारे गेले तरी खेळ गावात राहिला. भात कापून झाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतात, देवळाजवळच्या आणि चर्चसमोरच्या पटांगणांत त्याने मुळे धरली. त्या मुळांवर साळगावकर, धेंपो, वास्को, चर्चिल ब्रदर्स हे क्लब वाढले. साळगावकरच्या गोलात उभे राहणारे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले आणि २०२२ मध्ये पद्मश्रीने गौरवले गेले. धेंपोने देशाचे साखळी विजेतेपद पाच वेळा जिंकले. यांपैकी कोणत्याही यशामागे परदेशी क्लबाचा करारनामा नव्हता. २०१६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धांच्या नव्या आखणीच्या निषेधार्थ धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघे आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा देशाच्या फुटबॉलने काय गमावले याचा हिशेब कोणी मांडला नाही. धेंपो आठ वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, त्या लीगमध्ये परतला. आपल्या घरच्या क्लबांना अंगणाबाहेर ठेवून परदेशच्या क्लबांसाठी पायघड्या घालण्याचा हा काळ होता, हे नमूद करताना आम्हांस खेद होतो.

एफ.सी. गोवा हा क्लब मात्र येथेच राहिला. २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला, आणि फातोर्ड्यावर त्याने कतारच्या अल-रय्यानसारख्या धनाढ्य क्लबालाही बरोबरीत रोखले. त्या संघात गोमंतकीय तरुण मोठ्या संख्येने होते. लाइपझिगचा करार त्या वेळी चालू होता, आणि त्यातून काही शिकायला मिळाले असेल तर ते स्वागतार्हच आहे. मात्र शिकवणी लाभते ती अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला. ज्याच्या घरी पाटी-पेन्सिलही नाही, त्याला मोठ्या मास्तरांचे नाव घेऊन काय मिळणार?

म्हणून यापुढे असे करार होतील तेव्हा तीन गोष्टींचा आग्रह धरला जावा, असे आम्हांस वाटते. पहिली, कराराचा आशय लोकांना कळावा. किती मुले, किती प्रशिक्षक, किती वर्षे, हे आकड्यांत सांगता येत नसेल तर तो करार जाहिरातीपलीकडे काही नाही असे समजावे. दुसरी, परदेशी तज्ज्ञाचा वेळ मोठ्या संघाच्या चमकत्या खेळाडूंपेक्षा तालुक्यातील प्रशिक्षकांवर अधिक खर्ची पडावा. एक तज्ज्ञ एक संघ घडवतो. त्याने घडवलेले वीस प्रशिक्षक वीस गावे घडवतात, आणि तज्ज्ञ मायदेशी परतला तरी ते वीस जण येथेच राहतात. तिसरी गोष्ट पैशाची. एखादा खेळाडू रक्कम मोजून एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबात गेला, तर त्या रकमेतील ५ टक्के वाटा, त्याला बारा ते तेवीस या वयात ज्या क्लबांनी घडवले त्यांच्यात वाटला जावा, असा जागतिक फुटबॉल महासंघाचा नियम आहे. लहान क्लबाचा हा हक्क आहे. त्यात कोणाचे उपकार नाहीत. परंतु खेळाडूची नोंदणी वेळच्या वेळी, रीतसर, त्या क्लबाच्या नावे झालेली असेल तरच तो बजावता येतो. आमच्या गावोगावच्या क्लबांनी मुलांच्या नोंदी जपाव्यात आणि गोवा फुटबॉल संघटनेने त्यांना त्यात साहाय्य करावे. परदेशी क्लबांच्या दहा भेटींपेक्षा एक नीट ठेवलेले नोंदवही-पुस्तक लहान क्लबाच्या अधिक उपयोगी पडेल.

लहान क्लबांना मोठ्या परदेशी क्लबांच्या साथीने फायदा होतो काय, या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे की, ज्याच्याजवळ स्वतःचे मैदान, स्वतःची मुले आणि स्वतःची माणसे आहेत त्याला होतो. ज्याच्याजवळ ती नाहीत त्याला चार दिवस झळाळी लाभते, आणि पाचव्या दिवशी त्याचे गावच बदलते. गोव्याजवळ ही तिन्ही आजही आहेत. परंतु शेते वसाहतींखाली जात आहेत आणि पटांगणांवर इमारती उठत आहेत. त्या मोकळ्या जागा आपण राखल्या, तर मँचेस्टर येवो वा म्युनिक, आपण त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकू. त्या गमावल्या, तर पाहुण्याला बसायला दाखवावी अशी जागाही आपल्याजवळ उरणार नाही. पंचायतींनी आणि सरकारने परदेशी करारांवर सह्या करण्याआधी गावातल्या मैदानाच्या जमिनीच्या नोंदीवर एकदा नजर टाकावी, एवढीच आमची विनंती आहे.