मोतीची खाज आणि सासूबाईंची भीती

सातारा जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. घरात चार वर्षांचा मोती. पावसाळ्यापासून तो रात्रंदिवस खाजवतोय. शेपटीच्या बुडाशी आणि मांड्यांवर केस झडून लालभडक कातडी दिसू लागली आहे. सासूबाई म्हणतात, "घरात लेकरू आहे. ही खरूज त्याला लागेल. मळ्यात सोडून या कुत्र्याला." आणि लेकरू मोतीच्या गळ्यात हात टाकून रडतं. "ताई, मी कुणाची बाजू घेऊ?" असं त्या विचारतात.

मैत्रिणींनो, सासूबाईंना वेड्यात काढू नका हं. कुत्र्याचे काही त्वचारोग माणसाला लागतात. खरजेत कानांच्या कडा आणि कोपरे आधी उघडे पडतात, खाज भयंकर असते आणि घरातल्यांच्या हातापोटावरही पुरळ येतं. नायट्यात बहुधा गोल चकत्या पडतात. हा मुलांना लवकर लागतो. पण दोन्हींवर औषध आहे. ॲलर्जी मात्र कुणालाच लागत नाही. म्हणून पहिलं काम जनावरांच्या डॉक्टरांकडे नेण्याचं. ते कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तोवर मुलाला मोतीजवळ झोपू देऊ नका आणि हात लावला की साबणाने धुवायला लावा. एवढं केलंत तरी सासूबाईंची निम्मी काळजी मिटेल.

आता केस कुठले गेलेत ते नीट बघा. शेपटीचं बूड, कंबर आणि मांड्या म्हटलं की माझा पहिला संशय पिसवांवर जातो. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असेल तर थोडेसे चावेही पुरतात. "आमच्याकडे पिसू दिसत नाही" असं म्हणून स्वस्थ बसू नका. बारीक फणीने केस विंचरा, निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच.

पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावर टिकत नाहीत. ती गळून सतरंजीत, गोणपाटात, फरशीच्या फटीत पडतात, आणि कोश तर महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही ते यामुळेच. त्याचं अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. खाटेखालचे कोपरे रोज झाडा. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेलं औषध घरातल्या सगळ्या कुत्र्यांना निदान तीन महिने, न चुकता. मांजर असेल तर तिचं औषध वेगळं मागून घ्या. कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

कुत्रा सारखे पंजे चाटत असेल, बगला, पोट आणि कान लाल होत असतील, तर धूळ, परागकण, घरातले बारीक किडे यांची ॲलर्जी असू शकते. हा त्रास बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होतो. फिरून आल्यावर पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसून कोरडं करावं.

तिसरं कारण खाणं. कोंबडी, बीफ, दूध आणि गहू यांची ॲलर्जी बऱ्याच कुत्र्यांत आढळते. ती ओळखायला आठ आठवडे पथ्य करावं लागतं. त्याने आजवर न खाल्लेला एखादा मांस-माशाचा प्रकार डॉक्टरांच्या सल्ल्याने निवडायचा आणि तेवढ्यावर राहायचं. मुलाच्या हातचं एक बिस्किट, आजींनी मायेने घातलेला दूधभात, की सगळी मेहनत फुकट! खाज थांबली, जुनं अन्न दिल्यावर पुन्हा सुरू झाली, म्हणजे चोर सापडला.

आंघोळ आठवड्यातून एकदा, गार किंवा कोमट पाण्याने. आपला साबण नको, कुत्र्यांचाच शाम्पू घ्या. फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्या, मग भरपूर पाण्याने धुवा.

आता माझीच चूक सांगते. आमच्या कुत्रीला खाज सुटली, तेव्हा शेजारणीचं ऐकून मी खोबरेल तेलात रॉकेल मिसळून चोळलं. रात्रभर ती कण्हत राहिली. सकाळी पाहते तो कातडी भाजल्यासारखी झालेली. पुढे तीन आठवडे मलमपट्टी. म्हणून कळकळीने सांगते, रॉकेल, फिनेल, डेटॉल, गाडीचं ऑईल यांतलं काहीही लावू नका. पिसवांसाठी लसूण खाऊ घालू नका, तो कुत्र्याला बाधतो. घरातल्या डोकेदुखीच्या गोळ्याही देऊ नका.

डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर तहान, भूक आणि लघवी वाढेल. घाबरू नका, पण गोळ्या मनाने बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनाने पुन्हा आणूही नका. जखमेला वास येत असेल, पू दिसत असेल, तर उशीर नको.

आता राहिला मळ्याचा प्रश्न. घरात वाढलेल्या कुत्र्याला उपाशीतापाशी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण सासूबाईंना कायदा सांगायला जाऊ नका. त्यांना तो तांबूस डाग पडलेला कापूस दाखवा, दवाखान्यात बरोबर न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. नातवाची काळजी हेच त्यांच्या रागाचं मूळ आहे. ॲलर्जीची खोड कायमची जात नाही, ती ताब्यात ठेवावी लागते. पण खाज थांबली की केस काही आठवड्यांत पुन्हा दिसू लागतात. ते दिसले, की मोतीच्या पानातली भाकरी आजीच मोडून घालतील, बघा. आणि तसं झालं तर मला जरूर कळवा.