भंगारात चाललेली मराठी

आपल्याकडे पुन्हा एकदा सरकारी कार्यालयांतल्या जुन्या कॉम्प्युटरांचं निर्लेखन सुरू झालंय. निर्लेखन म्हणजे काय, तर डेड स्टॉक रजिस्टरमधली नोंद कमी करायची, दरपत्रकं मागवायची आणि माल टेम्पोत चढवायचा. मोडक्या खुर्च्या, पंखे, टायपरायटर आणि कॉम्प्युटर सगळे एकाच यादीत. "निरुपयोगी संगणक साहित्य, नग अमुक" एवढीच ओळख. त्या नगाच्या पोटात काय आहे हे कुणी बघत नाही. बघायचं असतं हेच कुणाला माहीत नाही.

मी गेली बरीच वर्षं रविवारचा वेळ जुनी मशिनं उघडण्यात घालवतो. घरचे त्याला 'भंगाराचा नाद' म्हणतात, आणि माळ्याकडे बघितलं तर त्यांचं चुकत नाही. पण ही पोस्ट माझ्या छंदाबद्दल नाही. आठवणींचे कढ काढायचे म्हणूनही नाही. एका साध्या, सार्वजनिक प्रश्नाबद्दल आहे: साधारण १९८८ ते २००५ या काळात कॉम्प्युटरवर लिहिलं गेलेलं मराठी आज कुठे आहे, आणि ते वाचणार कोण?

थोडं मागून सांगतो. कॉम्प्युटर ही काही आपल्याकडे बाहेरून, तयार डब्यात आलेलीच गोष्ट नव्हती. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक नावाचं मशीन आपल्याच लोकांनी बांधलं. ते १९६० साली सुरू झालं. आत सुमारे २,७०० व्हॉल्व्ह आणि २,०४८ शब्दांची मेमरी. नाव दिलं पंडित नेहरूंनी, १९६२ साली. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यायचे. पुढे ऐंशीच्या दशकात डेसिबल्स नावाच्या भारतीय कंपनीचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' काही घरांत पोचला. ४८ केबी मेमरी, टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून चढवायचा. पाच मिनिटं किर्र आवाज ऐकायचा आणि शेवटी एरर यायची. ज्यांनी ऐकलाय त्यांना तो आवाज आत्ता कानात आला असेल.

पण मराठीचा खरा मामला सुरू होतो तो जिस्ट कार्डापासून. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे वाढलं. सी-डॅकची स्थापना १९८८ची. लोकांना 'परम' आठवतो, कारण महासंगणक म्हटलं की छाती फुगते. माझ्या मते सामान्य माणसाच्या दृष्टीने जिस्ट कार्ड हे त्याहून मोठं काम होतं. साध्या पीसीच्या मदरबोर्डवरच्या खाचेत बसणारं एक कार्ड. डॉसला देवनागरी म्हणजे काय हे काडीचं ठाऊक नव्हतं. जोडाक्षरं कशी करायची, वेलांटी कुठे काढायची, हे सगळं ते कार्ड बघायचं. आणि पडद्यावर दिसायची आपली भाषा.

त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट पडद्यावर दिसत नव्हती. अक्षरं साठवायची कशी, ते ठरवलं होतं. त्याला इस्की म्हणतात. १९९१ साली ते भारतीय मानकही झालं. त्यात अक्षर जसं उच्चारतो त्या क्रमाने साठवतात. 'मिरज' लिहिलं तर आधी म, मग वेलांटी, मग र, मग ज. 'धर्म' लिहिलं तर ध, मग पाय मोडलेला र, मग म. दिसतं कसं हे कार्ड ठरवेल, साठवताना मात्र भाषेचा क्रम. शिवाय सगळ्या भारतीय लिप्यांना एकच सांकेतिक तक्ता, त्यामुळे मराठीत लिहिलेलं नाव बटण दाबून कानडीत वाचता यायचं. सीमाभागातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि मग आलं विंडोज. पडद्यावर अक्षरं काढायचं काम विंडोजने स्वतःकडे घेतलं, आणि त्या काळच्या विंडोजला देवनागरी येत नव्हती. ती आली विंडोज २०००पासून. मधली दहा-एक वर्षं काय केलं आपण? जुगाड. इंग्रजी फाँटच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. अर्धा म वेगळा, काना वेगळा, दोन्ही शेजारी ठेवले की 'म' दिसतो. टायपरायटरचीच रीत ती. 'मिरज' लिहिताना आधी वेलांटी साठवायची, मग म. 'धर्म'मधला रफार सगळ्यात शेवटी. दिसायला झकास, छापायला तर अप्रतिम. पण कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नव्हतंच. ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. वर आणखी गंमत म्हणजे प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. श्रीलिपीचा वेगळा, आकृतीचा वेगळा, शिवाजी फाँटचा वेगळा, सी-डॅकच्या डीव्ही-टीटी फाँटांचा वेगळा. फाँट काढून घेतला की फाइलीत उरतो कचरा.

या कंपन्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या जोरावर गावोगावच्या डीटीपीवाल्यांनी साप्ताहिकं काढली, दिवाळी अंक काढले, लग्नपत्रिकांपासून निवडणुकीच्या पत्रकांपर्यंत सगळं छापलं. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. पण परिणाम उलटा झाला हे मान्य करायला पाहिजे. १९९०ची मराठी फाइल आज वाचायला सोपी आहे आणि १९९९ची अवघड. नवं ते पुढचं, हा आपला समज इथे पार आडवा पडतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या सांगलीतल्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक २०१९च्या महापुरात गेले. बांधीव फाइली खालच्या खोलीत होत्या, चार दिवस पाण्याखाली. नंतर उघडायला गेलं तर लगदा. वाचल्या त्या माळ्यावरच्या फ्लॉप्या. प्लास्टिकच्या तीन डब्यांत, वर मार्करने तारखा. संपादक आता थकलेत. त्यांनी मला एवढंच विचारलं, "यातलं काही निघेल का हो?"

त्यातल्या जुन्या फ्लॉप्या सव्वापाच इंची. आज बाजारात यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, पण तो साडेतीन इंचीचा. सव्वापाचचा ड्राइव्ह जोडायला फ्लॉपी कंट्रोलर असलेला जुना मदरबोर्ड लागतो, किंवा चुंबकीय खुणा जशाच्या तशा उतरवून घेणारं छोटं बोर्ड मागवावं लागतं. आपल्या हवेत या चकत्यांवर बुरशी धरते. तशीच ड्राइव्हमध्ये घातली की हेड ती बुरशी, आणि तिच्यासकट वरचा थर, खरवडून टाकतो. म्हणून आधी पाकीट कापून चकती अलगद धुवायची, सुकवायची, दुसऱ्या पाकिटात घालायची आणि एकाच दमात पूर्ण प्रत काढून घ्यायची. पुन्हा पुन्हा वाचायला जायचं नाही. निम्म्याहून थोड्या जास्त फ्लॉप्या निघाल्या.

आता पुढचं ऐका. सव्वापाच इंची फ्लॉप्यांवरचा मजकूर जिस्टवर लिहिलेला, साध्या टेक्स्ट फाइली. युनिकोडमधली देवनागरी मुळात इस्कीवरच बेतलेली आहे, त्यामुळे छोटा प्रोग्रॅम लिहून त्या फाइली एका दुपारी युनिकोडमध्ये आल्या. त्यात एक जुनी पाणीटंचाईची लेखमाला आहे, गावोगावच्या विहिरींच्या नोंदींसकट. कुठल्याच वाचनालयात ती मला सापडली नव्हती. नंतरच्या वर्षांच्या फ्लॉप्या साडेतीन इंची, चांगल्या स्थितीत, भराभर वाचल्या गेल्या. आणि तिथेच घोडं अडलं. पेजमेकरच्या फाइली, एका फाँट पॅकेजच्या जुन्या आवृत्तीत. ते पॅकेज चालायला प्रिंटरच्या पोर्टला लावायचं हार्डवेअर लॉक लागतं. काडेपेटीएवढा ठोकळा. तो लावला नाही तर सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. संपादकांकडे लॉक होतं, पण ऑफिस आवरताना कुणीतरी "ही कसली पिन" म्हणून टाकून दिलं. आता एकेका चिन्हाचा तक्ता हाताने लावत बसलोय. छापील अंक असता तर ताडून बघता आलं असतं. तोच तर पुरात गेला.

लोक सहज म्हणतात, डिस्क तेवढी काढून ठेवा, बाकीचा सीपीयू देऊन टाका. (आपण अख्ख्या खोक्याला सीपीयू म्हणतो, असो.) नव्वदीच्या उत्तरार्धातल्या मशिनाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. त्याआधीच्याला नाही. ऐंशीच्या दशकातल्या कित्येक हार्ड डिस्कांचं डोकं वेगळ्या कंट्रोलर कार्डावर असायचं, आणि एका कार्डाने लिहिलेलं दुसऱ्याला बहुतेकदा वाचता येत नाही. म्हणजे डिस्क आणि कार्ड हे जोडपं आहे, त्यांची ताटातूट करायची नाही. तेव्हाच्या बोर्डावर एक छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती वर्षानुवर्षं पडून राहिली की गळते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. बॅटरी मेली की मशीन आपल्याला कुठली डिस्क जोडलीय हेही विसरतं. मग डिस्कवरच्या चिकटपट्टीवरचे सिलिंडर आणि हेडचे आकडे हाताने भरावे लागतात. ती चिकटपट्टी नीट ठेवा, फार कामाची असते. आणि कृपा करून असलं मशीन बाहेर काढल्या काढल्या प्लग लावू नका. आधी उघडा, बॅटरी कापून काढा, पॉवर सप्लाय तपासा, मग बघू.

आता सरकारी कपाटांकडे येऊ. साप्ताहिकाचं जे झालं तेच नगरपालिकांचं, बाजार समित्यांचं, साखर कारखान्यांचं, शाळांचं होणार आहे, किंवा होऊन गेलंय. "सगळं कागदावर आहे" हे उत्तर ठरलेलं. असेलही. पण पूर सांगलीलाच येतो असं नाही, आणि वाळवी कुठल्याही खात्याला सोडत नाही. बरं, कायदा काय म्हणतो? केंद्राच्या १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात कॉम्प्युटरने तयार केलेली सामग्रीही 'अभिलेख' धरली आहे, आणि नियम डावलून अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आपल्या राज्याचाही २००५चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. कागदाची फाइल निंदणीकरणाशिवाय जाळली तर चौकशी लागते. तिच्या शेजारची हार्ड डिस्क किलोवर गेली तर कुणी विचारत नाही. आणि ती न पुसता गेली तर लोकांची माहिती बाजारात जाते, तेही कुणी विचारत नाही. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या म्हणतात, ते बरोबरच आहे. ॲसिडमध्ये बोर्ड बुडवून सोनं काढणाऱ्या पोरांचे हात मी बघितलेत. पण आत काय आहे ते बघणं हे त्या नियमांचं काम नाही, आपलं आहे.

आपल्याला हे नवीनही नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद आहेत. मोडी शाळेतून गेली, वाचणारे कमी झाले, आणि आज मोडी जाणणाऱ्यांसाठी वर्ग घ्यावे लागतात. पण कागद तरी आहेत. डोळ्यांना दिसतात. शंभर वर्षं थांबले. फ्लॉपी इतकी थांबत नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९८६ साली अख्ख्या देशाची माहिती लेझर डिस्कवर साठवली होती. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचायला मशीन मिळेना, आणि वेगळे संशोधन प्रकल्प हाती घ्यावे लागले. तिकडे ब्लेचली पार्कला १९५१चं मशीन २०१२ साली पुन्हा चालू केलं. ते बघून इथे एखाद्या श्रीमंताने म्युझियम काढावं असं कुणाला वाटेल, पण सिएटलमध्ये पॉल ॲलन यांनी काढलेलं असं संग्रहालय २०२०मध्ये बंद पडलं आणि पुढे त्यातल्या वस्तू लिलावात गेल्या. एका माणसाच्या खिशावर हे चालत नाही.

मला म्युझियम नकोच आहे. काचेच्या कपाटातलं बंद मशीन फोटोपुरतं. मला पाहिजे जिल्ह्याला एक चालणारा टेबल. एक ४८६ किंवा पहिला पेन्शियम, दोन्ही आकाराचे फ्लॉपी ड्राइव्ह, एक जिस्ट कार्ड, जुन्या फाँट पॅकेजांच्या सीडी आणि त्यांची लॉकं. जिल्हा ग्रंथालयात ठेवा, नाहीतर कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबच्या कोपऱ्यात. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून द्या. चॅटबॉटचा पंचविसावा प्रोजेक्ट करण्यापेक्षा फाँटचा तक्ता सोडवताना त्यांना आपली लिपी आणि कॉम्प्युटर दोन्ही जास्त कळतील. खर्च नव्या मशिनापेक्षा कमी येईल, कारण माल तुमच्याच गोदामात पडलाय. आणि निर्लेखनाच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: 'डिस्कची प्रत घेतली, होय/नाही'. त्याला ना निधी लागतो ना मंत्रालयाची फेरी, मुख्याधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर उद्या होईल.

दुसरं, ज्या कंपन्यांनी तेव्हा फाँट विकले त्यांनी जुन्या आवृत्त्यांचे तक्ते खुले करावेत. आज त्यातून कुणाचा धंदा बुडत नाही. सी-डॅकने तर हे सगळ्यात आधी करावं, सार्वजनिक पैशातून उभं राहिलेलं काम आहे ते.

तोपर्यंत तुमच्या माळ्यावर, बंद पडलेल्या डीटीपीच्या दुकानात, मामाच्या प्रेसमध्ये असं काही असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मला कळवा. चालू-बंद कसंही चालेल. सध्या विशेष करून प्रिंटर पोर्टची जुनी लॉकं हवी आहेत. पंचवीस पिनांचा ठोकळा, बहुतेक वेळा वर कंपनीचं स्टिकर असतं. साप्ताहिकाचे सात वर्षांचे अंक त्यातल्या एकावर अडलेत, आणि संपादक दर आठवड्याला फोन करतात.